ची-वाराचा मानकरी

माधव खांबेट्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुसऱ्याचं चुकलेलं त्याला ऐकवत नसे, आणि ऐकलं की सांगितल्याशिवाय राहवत नसे. शाळकरी वयात भर कीर्तनात उठून त्याने बुवांचं साल चुकल्याचं जाहीर केलं होतं. स्वतःच्या लग्नात भटजींना थांबवून त्यांचा उच्चार सुधारून दिला होता. एम.एस.च्या तोंडी परीक्षेत तर त्याने परीक्षकालाच एक धमनी नेमकी कुठून निघते ते समजावलं, आणि परीक्षक भला माणूस म्हणून हा पास झाला. असल्या माणसाने खरं म्हणजे पुण्यातच राहावं. तिथे सगळेच एकमेकांचं दुरुस्त करत असतात, त्यात एखादा खपून जातो.

पण हा गेला ग्लासगोला. तिथे एफ.आर.सी.एस. झाला, आणि १९६६ च्या डिसेंबरात एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जरीचा रजिस्ट्रार होता. म्हणजे काय, तर हर्निया याने शिवायचे, पित्ताशयं याने काढायची, रविवारी फुटलेली अपेंडिक्सं याने निस्तरायची, आणि सोमवारी राउंडला पेशंटने आभार मानायचे ते साहेबांचे. साहेबांचं नाव मिस्टर कॅल्डरवुड. तिकडे डॉक्टर शिकूनसवरून सर्जन झाला की त्याचा परत मिस्टर होतो. माधवची बायको वीणा म्हणाली, "एवढं शिकून परत जिथल्या तिथेच? मग शिकायचं कशाला?" माधवने तिला त्यामागचा इतिहास सांगितला. तिने विचारला नव्हता.

दोघं राहायची हिलहेडला, मिसेस मॅकफेल नावाच्या विधवेच्या घरात वरच्या मजल्यावर एका खोलीत. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक गॅसची शेगडी आणि खिडकीखाली पुण्याहून आणलेली लोखंडी ट्रंक. आणि एक माणूस तिथे नव्हतं. त्यांची मुलगी सुनीती तीन वर्षांची असताना ती दोघं तिला माधवच्या आईजवळ नारायण पेठेत ठेवून आली होती. "सहा महिन्यांत बोलावून घेऊ," असं बोटीवर चढताना ठरलं होतं. त्याला आता दोन वर्षं झाली. माधवचं म्हणणं, रजिस्ट्रारचं काय, वर्षाच्या कराराची नोकरी, आज इथे उद्या ॲबरडीनला. या एका खोलीत पोरीला ठेवायचं कुठे? मे महिन्यात सीनियर रजिस्ट्रारची जागा रिकामी होतेय. ती मिळाली की चार वर्षांची निश्चिंती, हॉस्पिटलचा फ्लॅट, आणि सुनीती. वीणा ऐकून घ्यायची. दिवसा ती एका बटणं-लोकरीच्या दुकानात काम करायची, आणि घरी आली की त्याच दुकानातल्या लोकरीचा स्वेटर विणायची. दोन वर्षांत तिने तो तीनदा उसवून मोठा केला होता, कारण मूल पत्रातून दिसत नसलं तरी वाढत असतं.

थोडक्यात, त्या जागेवर सगळं अडलेलं होतं, आणि जागा होती कॅल्डरवुडच्या हातात. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. पण धरायला गाढवाने पाय पुढे तरी करायला हवा. तो त्याने नाताळात केला.

नाताळात साहेब सगळ्या ज्युनियर मंडळींना केल्विनसाइडच्या आपल्या बंगल्यावर शेरी प्यायला बोलवायचे. दिवाणखान्यात शेकोटीच्या वरच्या फळीवर एक लाकडी जनावर उभं होतं. काळं, चकचकीत, हरणासारखं, मान कमानदार आणि कोरून आरपार जाळी केलेली, शिंगं हातभर उंच. कॅल्डरवुडने ते पॅरिसच्या एका दुकानातून आणलं होतं. माधवच्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला, "आफ्रिकेतलं आहे, मालीमधलं. तू त्याच बाजूचा. तुला ठाऊक असेल याचा अर्थ."

आता ग्लासगोहून माली जितकं लांब, त्याच्या जवळजवळ दुप्पट ते पुण्याहून लांब. म्हणजे त्या दोघांत 'त्या बाजूचा' कुणी असलाच तर तो कॅल्डरवुड. हे माधवच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण दुसरी गोष्ट अशी, की 'मला ठाऊक नाही' हे वाक्य पुण्यात शिकवतच नाहीत. माधव म्हणाला, "हा विषय फार खोल आहे, सर. शेरी पितापिता सांगण्यासारखा नाही."

"वा!" कॅल्डरवुड म्हणाला. "मग एकदा जेवायलाच ये."

झालं. दुसऱ्या दिवसापासून माधव मिचेल लायब्ररीत. परीक्षा आली की घोकायचं, हे त्याला चांगलं जमे, आणि ही तर परीक्षाच होती. रात्रपाळी करून तांबारलेल्या डोळ्यांनी त्याने होती नव्हती ती पुस्तकं काढली. निम्मी फ्रेंचमध्ये निघाली, तर डिक्शनरी मांडीवर घेऊन फ्रेंच फोडली. महिन्याभरात गडी तयार झाला. वीणा शेगडीवर आमटी ढवळायची आणि हा मागे येरझाऱ्या घालत सांगायचा.

"त्या लोकांचं नाव बामाना. शेतकरी लोक. हे जनावर म्हणजे ची-वारा. अर्धा माणूस, अर्धा पशू. यानेच माणसाला शेती शिकवली, अशी त्यांची कथा. आपल्या नख्यांनी आणि काठीने जमीन उकरून दाखवली. मग धान्य उदंड झालं, तशी माणसं माजली, नासाडी करायला लागली. त्याचं मन विटलं आणि त्याने स्वतःला जमिनीत पुरून घेतलं. मग यांना आली आठवण! तेव्हा त्यांनी लाकडात त्याचं रूप कोरलं."

"म्हणजे गेल्यावर पुतळा," वीणा म्हणाली. "आपल्यासारखेच की."

"पुतळा नव्हे! मुखवटासुद्धा नव्हे. तोंडावर लावत नाहीत. वेताच्या टोपीवर बसवून डोक्यावर बांधतात, आपल्याकडे नवरदेवाला बाशिंग बांधतात तसं. अंगावर काळ्या केलेल्या तंतूंचा घोळदार पायघोळ झगा, ते म्हणजे पाणी. हातात दोन काठ्या, आणि वाकून जमीन उकरल्यासारखं नाचायचं. नेहमी जोडीने, नर आणि मादी. नर म्हणजे सूर्य, मादी म्हणजे धरणी. एकट्याने नाचायचंच नाही. जोडी फोडायची नाही!"

"मीठ द्या जरा," वीणा म्हणाली.

फेब्रुवारीत जेवणाचं बोलावणं आलं. निघताना वीणाने कोटाची बटणं लावून देत बजावलं, "हे बघा. साहेब काय बोलेल ते बोलू दे. म्हणाला हरीण, तर हरीण. म्हणाला हत्ती, तर हत्ती. तुम्ही तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. माझ्या पोरीचा प्रश्न आहे."

"मला काय कळत नाही?" माधव म्हणाला.

"कळतं सगळं. राहवत नाही, ते सांगा."

बंगल्यात शिरल्या शिरल्या माधव थबकला. बाहेरच्या अंधाऱ्या बोळकांडीत, छत्र्यांच्या स्टँडशेजारी, नाताळात त्याच्या नजरेतून सुटलेलं दुसरं हरीण उभं होतं. मादी! पाठीवर पिल्लू असलेली, जोडीतली मादी, आणि तिच्या शिंगांवर पाहुण्यांच्या हॅट्स लटकत होत्या. नर आत शेकोटीवर मानाने मिरवतोय आणि ही इथे ओल्या हॅट्स सांभाळतेय. माधवने तोंड उघडलं. वीणाने त्याच्या पायावर पाय दिला. माधवने तोंड मिटलं.

टेबलावर पाहुणे म्हणजे एक वकील, एक मिस्टर फ्रेझर नावाचा जहाजांच्या कारखान्याचा मालक, आणि दोघांच्या बायका. फ्रेझर कॅल्डरवुडचा गोल्फमधला जोडीदार. त्याचा मुलगा युअन नुकताच सर्जरीची परीक्षा पास झाला होता, तिसऱ्या खेपेस, आणि हे तिसऱ्या खेपेचं कौतुक सूप येईस्तोवर चाललं. सूप झाल्यावर कॅल्डरवुडने शेकोटीकडे बोट केलं.

"हा त्यांच्या मांत्रिकाचा मुखवटा," तो म्हणाला. "तोंडाला लावून तो रात्री अरण्यात नाचतो. सैतानाला बोलावतो. आणि ज्या बायांना मूल होत नाही..."

पुढचं त्याने डोळा मिचकावून सांगितलं. बायका लाजल्या, वकील हसला. वीणाने मान खाली घालून बटाटा कापायला घेतला, कारण टेबलावर तिने खाण्यासारखं तेवढंच होतं. माधव मूग गिळून बसला. कॅल्डरवुड 'मुखवटा' म्हणाला, ते त्याने सोसलं. 'मांत्रिक' म्हणाला, तेही सोसलं. मग कॅल्डरवुड म्हणाला, "आणि ही मंडळी आळशी फार, म्हणून असले नाच सुचतात," आणि जित्याची खोड बाहेर पडली.

"माफ करा, सर," माधव म्हणाला, "पण यातलं एकही वाक्य बरोबर नाही."

काटे-चमचे थांबले. वीणाने डोळे मिटून घेतले. तिला समोर नारायण पेठेतली ती पोर दिसली.

आणि माधव सुटला. मुखवटा नव्हे, टोपीवर बांधायचं शिरोभूषण. मांत्रिक नव्हे, तरणे शेतकरी. रात्री नव्हे, दिवसाढवळ्या, शेतात, पेरणीच्या दिवसांत. सैतान नव्हे, पहिला गुरू. आणि आळशी? अहो, हा नाचच मुळी कष्टांचा आहे! गावातले जवान कुदळी घेऊन रांगेत उभे राहतात, कोण सर्वांत जास्त आणि सर्वांत नीट जमीन खणतो याची चुरस लागते, बायका गाणी म्हणून त्यांना चेव आणतात, आणि मागे पडेल त्याची टर उडवतात. जो जिंकतो त्याला लोक ची-वारा म्हणतात. यापेक्षा मोठा मान त्यांच्यात नाही. "आणि सर," शेवटी बोळकांडीकडे बोट करून तो म्हणाला, "जोडी फोडत नाहीत. तिच्यावर हॅट्स तर नाहीच नाही."

मग मिसेस फ्रेझर म्हणाली, "किती सुंदर!" वकिलाने टेबलावर थाप मारली. कॅल्डरवुडचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग पाहुण्यांकडे बघून त्याने तो हसरा केला. "मी म्हणालो नव्हतो?" तो म्हणाला. "आमचा कॅम्बेटी म्हणजे चालता-बोलता ज्ञानकोश आहे."

खांबेट्याचा कॅम्बेटी झालेला माधवने दुरुस्त केला नाही. तेवढं भान होतं.

परत येताना बसमध्ये वीणा त्याच्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत बसली. पण आठवड्याने गंमतच झाली. कॅल्डरवुडने माधवला बोलावून सांगितलं की हॉस्पिटलच्या क्लबात तू या विषयावर भाषण दे. विषय, 'बामाना समाजात श्रम आणि सन्मान'. माधव घरी आला तो दोन-दोन पायऱ्या गाळत. "बघ! माझ्या तोंडाला तू नावं ठेवतेस! साहेबावर छाप पडली की नाही?" वीणालाही क्षणभर वाटलं, असेल बाई, इकडच्यांची तऱ्हाच वेगळी असेल.

भाषण दणक्यात झालं. पहिल्या रांगेत कॅल्डरवुड. एरवी असल्या भाषणांत तो पहिल्या स्लाइडलाच पेंगायचा, पण त्या दिवशी मान ताठ ठेवून बसला होता. शेवटी त्याने प्रश्नही विचारला. "या विजेत्याला मिळतं काय? जमीन? गाई?"

"काही नाही, सर," माधव उत्साहाने म्हणाला. "तेच तर त्यात थोर आहे! तो म्हाताऱ्यांच्या शेतात खणतो, पीक त्यांच्या कोठारात जातं. याला मिळतं ते नाव. लोक मानतात, पोरीबाळी गाणी म्हणतात. त्याला तेवढं पुरतं."

"तेवढं पुरतं," कॅल्डरवुड म्हणाला. "फारच छान." आणि त्याने शेजारी बसलेल्या फ्रेझरकडे बघून मान हलवली.

अहो, एखाद्याने स्वतःच्या हाताने खड्डा खणावा, कडेला फुलं लावावीत आणि वर उभं राहून त्याची रुंदी समजावून सांगावी, असा हा प्रकार. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्याला खालचं दिसत नाही. मे महिन्यात, एका शुक्रवारी, इंटरव्ह्यू झाला. निम्मा वेळ पॅनेलने त्याला ची-वाराबद्दलच विचारलं. सगळे हसत होते, मान डोलवत होते. बाहेर व्हरांड्यात युअन फ्रेझर पुढच्या नंबरावर बसला होता, नखं खात. माधवला त्याची दया आली. त्याने त्याला धीर दिला, आणि स्वादुपिंडावर काय विचारतील तेही सांगून टाकलं.

तिथून तो थेट गेला पोस्टात, आणि शनिवारी दुपारी साडेबाराचा पुण्याचा ट्रंककॉल बुक केला. नारायण पेठेत खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडे फोन होता. तार करून कळवलं की आईने सुनीतीला घेऊन त्या वेळी फोनपाशी बसावं, आनंदाची बातमी आहे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! वीणाने विचारलं, "अजून पत्र कुठे आलंय?" तर म्हणाला, "उद्या सकाळी साहेबांनी घरी बोलावलंय. स्वतः सांगणार असतील. नाहीतर घरी कोण बोलावतं?"

शनिवारी सकाळी कॅल्डरवुडने त्याला दिवाणखान्यात बसवलं. हातात कॉफी दिली. खिडकीतून बागेकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"कॅम्बेटी, तुझ्याइतकं राबणारा माणूस माझ्या वॉर्डात आजवर झाला नाही. पॅनेलमध्ये सगळ्यांचं यावर एकमत झालं."

"थँक यू, सर."

"जागा आम्ही युअनला दिली."

माधवने कप खाली ठेवला.

"तो अजून कच्चा आहे, ते आम्हाला दिसतं. म्हणून तर तू असणं महत्त्वाचं. तुझा करार आणखी एक वर्ष वाढवलाय. पित्ताशयं त्याला तू शिकव. आणि हे बघ, तुझ्या भाषणातून मी एक गोष्ट शिकलो." कॅल्डरवुड बाहेर गेला आणि बोळकांडीतून ती मादी घेऊन आला. शिंगावरची एक हॅट तेवढी काढायची राहिली होती, ती त्याने काढली. "सगळ्यांत जास्त खणेल त्याला हा मान. जमीन नाही, गाई नाही. खरं ना? हॉस्पिटलचा ची-वारा तूच. ही तुझी."

आता इथे ऐका. उभ्या जन्मात माधव खांबेट्याला दुरुस्त करायला इतकं कधी मिळालं नव्हतं. हे शिरोभूषण कुणाला बक्षीस देत नसतात, ते सगळ्या मंडळींच्या मालकीचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. जोडी फोडत नाहीत, हे त्याने दोनदा सांगितलं होतं. आणि मुख्य म्हणजे, तिथे खणणाऱ्याला डावलून दुसऱ्याच्या पोराला विजेता म्हणत नाहीत. ज्याने बुवांना सोडलं नाही, भटजींना सोडलं नाही, परीक्षकाला सोडलं नाही, त्या माणसाने त्या दिवशी तोंड उघडलं आणि काय म्हणाला असेल?

"थँक यू व्हेरी मच, सर."

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते धूड मांडीवर घेऊन तो बसमध्ये बसला. त्याला रडू येत होतं, आणि समोरच्या म्हातारीसमोर रडायची लाज वाटत होती. सुनीतीला काय सांगायचं? हा एकच प्रश्न डोक्यात घुमत होता. मग हळूहळू त्याचा स्वभाव जागा झाला आणि तो स्वतःलाच समजावू लागला. मान आहे, नाही कसा? शिवाय वस्तू अस्सल आहे. हिलहेड येईपर्यंत त्याला ते निम्मंअधिक पटलंही होतं.

खोलीत साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास होता. वीणा नवी साडी नेसून बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या गाठोड्याकडे.

"काय झालं?"

"सांगतो. आधी हे ठेवू दे." त्याने इकडेतिकडे पाहिलं, ट्रंक ओढून पलंगाखाली सारली, खुर्ची दाराकडे सरकवली, आणि खिडकीखाली मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात ती मादी उभी केली. कागद काढला. दोन पावलं मागे सरून तिरक्या मानेने पाहिलं. "बघ, कसं शोभतंय. जसं काही त्या जागेसाठीच केलंय."

मग त्याने सांगितलं. जागा युअनला हे अर्ध्या वाक्यात, आणि मानाचा अर्थ उरलेल्या सगळ्या वाक्यांत. वीणाने पुरतं ऐकून घेतलं.

"आपल्याकडे पोळ्याला बैलाला न्हाऊ घालतात," ती म्हणाली. "शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी खायला घालतात, पाया पडतात. आणि दुसऱ्या दिवशी परत औताला जुंपतात. बैलाच्या नावावर कुणी शेत करून दिल्याचं ऐकलंय तुम्ही?"

आणि तेवढ्यात खालून मिसेस मॅकफेलने हाक मारली, फोन!

खालच्या पॅसेजमध्ये फोन भिंतीला लावलेला होता. माधवने रिसीव्हर कानाला लावला. आधी नुसती खरखर, मग ऑपरेटर, मग आईचा "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का रे?" आणि मग एक बारीक आवाज. दोन वर्षांत तो आवाज केवढा बदलला होता! बोबडेपणा साफ गेला होता.

"बाबा, मी कधी येऊ?"

"बाळा," माधव म्हणाला. "बाळा, बाबाला किनई एक हरीण मिळालंय."

"खरं?"

"लाकडाचं."

"बरं. मग मी कधी येऊ?"

"ऐक तर. फार मोठा मान असतो तो. मादी आहे, आणि तिच्या पाठीवर तिचं पिल्लू आहे. आता त्या पिल्लाचा अर्थ असा की..."

"तिचं पिल्लू तिच्याजवळच असतं?" सुनीतीने विचारलं.

त्या पिल्लाचा अर्थ माधवने क्लबात चांगली दहा मिनिटं सांगितला होता. माणूस धरणीच्या पाठीवर असतो, वगैरे. त्यातलं एक अक्षर त्याच्या तोंडातून निघेना. त्याचे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पलीकडून "बाबा? बाबा?" चाललं होतं.

वीणाने त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"सुनी, मी आई. पुढच्या महिन्यात मी येतेय तुला न्यायला. हो, मीच. आजीला सांग, तुझे गरम कपडे बघू नको म्हणावं, मी केलेत." पुढे काही बोलणार तोच ऑपरेटरने वेळ संपल्याचं सांगितलं आणि फोन बंद झाला.

माधव भिंतीला टेकून उभा होता. "अगं, पण असं एकदम? तिकीट?"

"माझ्या पगारातून साठवलंय. दुकानात फुकट नव्हते जात."

"मिसेस मॅकफेल काय म्हणतील?"

"विचारलंय का तुम्ही कधी त्यांना?"

ती जिना चढायला लागली. माधव मागोमाग. दारात पोचल्यावर त्याचं शेवटचं, दोन वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य बाहेर आलं. "पण वीणा, या एवढ्याशा खोलीत तिला ठेवायचं कुठे? जागा कुठे आहे?"

वीणाने खिडकीखालच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"या लाकडाला तुम्ही आल्या आल्या जागा केलीत," ती म्हणाली. "पोरीला दोन वर्षं होत नव्हती."